सोळा घरांचं विमान

भिवंडीत ज्यांच्या घरी मी आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ गेम खेळलो, ते स्वतः एकदाही खेळले नाहीत. रिमोट हातात दिला तर गरम बशी धरल्यासारखा दोन बोटांत धरून परत द्यायचे. तरी कोणता गेम चांगला आणि कोणता टाकाऊ हे आपल्यालाच कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. आम्ही मागून हसायचो. आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आल्यावर मला वाटायला लागलंय की त्यांचंच बरोबर होतं.

ते एका लूमच्या कारखान्यात मास्टर होते. सगळे त्यांना मास्टरच म्हणत, त्यामुळे आम्हीही. लूमच्या डोक्यावर एक लोखंडी यंत्र बसवलेलं असतं, त्याला डॉबी म्हणतात. तिच्यावर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरते. पट्ट्यांना भोकं असतात आणि भोकांत खुंट्या ठोकलेल्या असतात. धागे फ्रेममध्ये ओवलेले असतात; जिथे खुंटी, त्या फ्रेमचे धागे वर उचलले जातात. जिथे नाही, तिथले खाली राहतात. एवढ्यावरच कापडात फूल उमटतं, कैरी उमटते. खुंटी कुठे मारायची आणि कुठे नाही, हे आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढावं लागतं. ते काढणं मास्टरांचं काम. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत. पण कागदावर पेन्सिल टेकवली की समोर कुणी उभं आहे, चहा गार होतोय, शेठ हाक मारतोय, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नसे.

त्यांचा मुलगा सौदीला होता. त्याने सुट्टीवर येताना रंगीत टीव्ही आणला आणि त्याच्याबरोबर गेमही. स्वतः महिनाभर खेळला आणि परत गेला. मग तो गेम त्यांच्या पुतण्याच्या, इम्तियाजच्या ताब्यात आला. इम्तियाज माझ्या वर्गात, एफ.वाय.ला. तिसरा विलास, काल्हेरहून सायकलने यायचा. त्याचे वडील तिकडच्या एका गोडाऊनमध्ये मापाडी होते. माझी आई मास्टरांच्याच कारखान्यात कांड्या, म्हणजे धोट्यातल्या सुताच्या नळ्या, भरायची आणि वडील सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कामावर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. विहारातल्या अभ्यासिकेत मी रोज बसायचो, त्यामुळे वस्तीत सगळ्यांना वाटायचं पोरगं फार हुशार आहे. खरं सांगायचं तर वर्गात माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. हजेरीला “येस सर” म्हणायचीसुद्धा मी मनात तयारी करायचो.

शुक्रवारी लूम बंद. बाकीचे सहा दिवस मास्टरांचं घर थरथरत असे, कारण कारखान्याची भिंत आणि त्यांच्या घराची भिंत एकच. टीव्हीवरचं चित्रही हलायचं. शुक्रवारी दुपारनंतर मात्र सगळं थांबायचं आणि आम्ही तिघे कॉलेजातून थेट तिकडे. खेळायच्या आधी कॅसेट साफ करणं हा एक कार्यक्रमच असे. भिवंडीत रुईचे तंतू कुठेही शिरतात, भातात, उशीत, घड्याळात. गेमच्या कॅसेटमध्येही शिरायचे. आम्ही फुंकर मारायचो. मास्टर आम्हाला बाजूला करून डॉबी साफ करायचा बारीक ब्रश आणायचे आणि कॅसेटचे पितळी दात एकेक करून पुसायचे.

“फुकून काय होतं? थुकी जाते आत. मशीनला थुकतात काय कोनी?”

त्यांच्या घरात एक नियम होता, आणि तो कसा झाला ते मला चांगलं आठवतंय. विलास तिसऱ्या स्टेजला हरला आणि ओरडला, “मेलो!”

मास्टर आतून बाहेर आले. “कोन मेला?”

“मी, मास्टर.”

“बसून बोलतोयस की. जुम्म्याच्या दिवशी माझ्या घरात कोनी मरायचं न्हाय. दुसरा शब्द काढा.”

“मग काय म्हणू? सगळे तसंच म्हणतात.”

मास्टरांनी जरा विचार केला. “धागा तुटला म्हन. तुटला तर जोडता येतो. मेला तर काय करशील?”

त्या दिवसापासून आम्ही मेलो नाही. आमचे धागे तुटले. “पहिल्याच मिनिटाला दोन धागे गेले रे माझे,” असं इम्तियाज कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मोठ्याने सांगायचा, आणि बाजूच्या टेबलावरची मुलं आमच्याकडे बघत बसायची. त्यांना वाटायचं आम्ही रात्रपाळीला लूमवर जातो. आम्ही सांगत बसलो नाही.

आठवडाभर आमची चर्चा फक्त गेमची. कुणी काय खेळलं, कुठपर्यंत पोचलं, कोणत्या भिंतीआड जादाची ताकद लपवलीय. संध्याकाळी कारखान्यासमोरच्या चहावाल्याकडे उभे राहून आम्ही बोलत असू, तेव्हा शिफ्ट सुटायच्या वेळी मास्टर यायचे आणि ग्लास घेऊन आमच्यात उभे राहायचे. साठीकडे झुकलेला माणूस, दाढीत रुई अडकलेली, आणि आमचं बोलणं इतक्या लक्षपूर्वक ऐकायचे की आम्हालाच अवघडल्यासारखं व्हायचं. मध्येच प्रश्न विचारायचे. प्रश्न नेहमी एकच असायचा.

“शेवटच्या स्टेजला जो राक्षस येतो ना, तो कसला मोठाय रे!” इम्तियाज सांगत होता.

“मोठा म्हंजे किती?” मास्टर.

“मोठा म्हणजे... मोठा, चाचा.”

“मोठी तर माझी सासू पन होती. किती घरं रुंद, किती घरं उंच, ते सांग.”

इम्तियाजला अर्थातच सांगता यायचं नाही. “तुमी लोक बघत न्हाय, नुसते ओरडता,” असं म्हणून ते ग्लास ठेवायचे. पुढच्या शुक्रवारी राक्षस आला की इम्तियाज खेळ थांबवायचा आणि आम्ही तिघे पडद्याला नाक लावून घरं मोजायचो. यात नाही म्हटलं तरी त्याचे दोन-चार डाव हुकले. पण सोमवारी चहावाल्याकडे उत्तर द्यायचं असायचं.

घरं मोजायला मास्टरांकडे पितळेचं घडीचं भिंग होतं. कापड विकणारे, विकत घेणारे सगळे असं भिंग बाळगतात. कापडावर ठेवून एका इंचात किती धागे ते त्यातून मोजतात. मास्टर ते टीव्हीच्या काचेवर ठेवायचे. खेळ थांबलेला, इम्तियाज चिडलेला, आणि हा माणूस पडद्यावर ओणवा होऊन, एक डोळा मिटून, पुटपुटतोय, “तीन काळी, दोन कोरी, परत तीन...”

“चाचा, सरका ना, दिसत नाही.”

“तुला दिसून काय उपयोग? तुला मोजता कुठे येतं?”

गेमची त्यांची परीक्षा फार सोपी होती. ज्या गेमचा हिरो पळणारा माणूस, तो गेम वाईट.

“हा का वाईट, मास्टर?” मी एकदा धीर करून विचारलं. तो आमचा सगळ्यात आवडता गेम होता.

“ह्याला नाक एकाच बाजूला.”

“म्हणजे?”

“म्हंजे डावीकडे वेगळा, उजवीकडे वेगळा. सगळी घरं वेगळी मोजा, सगळे धागे वेगळे ओवा. कोन करनार? आनि हा बघ.” त्यांनी विमानाच्या गेमची कॅसेट उचलली. त्यात विमान वरून दिसायचं, वर वर जायचं आणि गोळ्या सोडायचं. “ह्याला दोन पंख सारखे. अर्धं काढा, दुसरं अर्धं फुकट. ज्याने हे काढलं तो कारीगर.”

जपानात की कुठे बसलेल्या त्या माणसाबद्दल मास्टरांना मनापासून आदर होता. सोळा घरांत विमान बसवलंय, एक घर जास्त वापरलेलं नाही, असं ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुण्यांना कशाबद्दल चाललंय ते कळायचं नाही.

एका शुक्रवारी त्यांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग पुसून परत पाहिलं. मग मला हाताने बोलावलं. “सायन्सवाला तू हायस ना? बघ. ढग कसल्या रंगाचा?”

“पांढरा.”

“भिंगातून बघ.”

मी पाहिलं. पांढरं कुठेच नव्हतं. लाल, हिरवे, निळे असे बारीक ठिपके शेजारी शेजारी होते, तीनच रंग, आणि त्यांच्यामध्ये काळोख. भिंगातून डोळा काढला की परत ढग पांढरा.

“तीन रंगांचे धागे हायत,” मास्टर म्हणाले. “पांढरा धागा न्हायच त्यांच्याकडे. तीन मिळून पांढरा दाखवतात. असं कसं? सरांना विचार तुझ्या.”

सरांना विचारणं ही गोष्ट त्यांना किती सोपी वाटली! मी चार दिवस टाळलं. रोज ते विचारायचे, “विचारलंस?” आणि मी म्हणायचो, “आज सर आले नाहीत.” चौथ्या दिवशी ते म्हणाले, “तुझे सर लई आजारी पडतात. चल, मी येतो.” ते खरंच आले असते. म्हणून मी फिजिक्सच्या तासाला हात वर केला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सर फळ्याकडे वळले आणि तो पूर्ण तास त्यांनी प्रकाशाच्या तीन रंगांवर घेतला. शेवटी विचारलं, “हे तुझ्या लक्षात कसं आलं?”

“माझ्या नाही, सर. आमच्याकडे एक मास्टर आहेत, त्यांच्या.”

“कोणत्या शाळेत?”

“शाळेत नाहीत, सर. डॉबीवर आहेत.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण ज्या ठिकाणाहून येतो तिथलं काहीतरी इथे सांगण्यासारखं असू शकतं.

हे सगळं सांगतोय ते पुढच्या गोष्टीसाठी. त्या वर्षी कारखान्याच्या शेठने ठरवलं की आठही डॉब्या काढून भंगारात द्यायच्या आणि सगळ्या लूमवर साधं कोरं कापड विणायचं. साध्या कापडाला खोळंबा होत नाही, मास्टर लागत नाही, गिऱ्हाईक रोज दारात. नक्षीच्या कापडाला दोन वर्षांत धड मागणी आली नव्हती. मास्टरांना काढून टाकणार नव्हते. शेठ चांगला माणूस होता. म्हणाला, “मास्टर, तुम्ही राहा. तागे मोजा, मुलांवर लक्ष ठेवा.” चाळीस वर्षं खुंट्या मारलेल्या माणसाला ते सांगणं म्हणजे काय, हे शेठला कळलं नसावं. मास्टर घरी येऊन जेवले नाहीत, असं इम्तियाज म्हणाला.

मग त्यांनी शेठकडून एक संधी मागून घेतली. मुंबईच्या बाजारातला एक मोठा व्यापारी महिन्याभराने यायचा होता. त्याला एक नवा नमुना दाखवायचा. त्याने माल मागितला तर डॉब्या राहतील. नाही मागितला तर मास्टर स्वतः पाना घेऊन त्या उतरवून देतील.

“फुलं दाखवून काय होनार न्हाय,” मास्टर आम्हाला म्हणाले. “फुलं सगळे दाखवतात. विमान विनायचं.”

आम्हाला आधी वाटलं गंमत करतायत. त्यांनी कागद पसरला. “डॉबी बारा फ्रेमची. चार फ्रेम कोऱ्या जमिनीला जातात. राहिल्या आठ. विमान सोळा घरं, दोन पंख सारखे. म्हंजे मला लागतात किती?”

“आठ,” मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. जपानातल्या त्या कारागिराने जणू भिवंडीच्या डॉबीचं माप घेऊनच विमान काढलं होतं.

पुढच्या शुक्रवारी काम झालं. इम्तियाजने खेळ सुरू केला, विमान पडद्याच्या मधोमध आणलं आणि थांबवलं. मास्टर भिंगातून घरं वाचत होते आणि मी चौकटीच्या कागदावर भरत होतो. “पहिली ओळ, मधलं एक काळं. दुसरी, मधलं एक काळं. तिसरी कोरी. चौथी, एक काळं...” अर्धंच मोजायचं होतं. अर्ध्या तासात झालं. मास्टरांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “अक्षर बरं हाय तुझं,” म्हणाले. घरांना ते अक्षरच म्हणायचे.

नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवून ओवायला दहा दिवस गेले. खुंट्या त्यांनी स्वतः ठोकल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. विणताना आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. व्यापारी आला त्या दिवशी मात्र इम्तियाजकडून निरोप पाठवला, “तिघे पन या. तुमचं विमान हाय.”

ऑफिसच्या टेबलावर दोन मीटर कापड पसरलं होतं. कोऱ्या पांढऱ्या जमिनीवर निळी विमानं, ओळीने, शेकड्यांनी. आम्ही दारात उभे. पलीकडे चोवीस लूम धडाडत होते, त्यामुळे सगळे ओरडून बोलत होते. व्यापाऱ्याने आपलं भिंग काढलं, ठेवलं, मोजलं. मग कापड उचलून उजेडात धरलं.

“अरे, ये चिड़िया तो बढ़िया है!”

शेठने मास्टरांकडे पाहिलं. मास्टर कापडाची कड सरळ करत राहिले.

“और देखो, चोंच के आगे दाना भी रखा है! क्या बारीकी है! बच्चों के फ्रॉक में चलेगा ये. मस्त चलेगा.”

विलास माझ्या कानाशी आला. लूमच्या आवाजातही मला नीट ऐकू आलं. “दाना कुठला रे? ती गोळी आहे.”

मी मान पुढे काढून बघितलं. प्रत्येक विमानाच्या नाकासमोर, एक ओळ सोडून, छोटासा निळा ठिपका होता. खेळ थांबवला त्या क्षणी इम्तियाजचं बोट गोळीच्या बटणावर होतं. गोळी नुकतीच सुटली होती. मास्टरांना गेमची गोळी वेगळी आणि विमान वेगळं हे कळणार नव्हतं, ते घरं वाचत होते. ते कळायला हवं होतं मला. शंभर वेळा खेळलो होतो. पण त्या दिवशी मी खेळ बघतच नव्हतो, घरं भरत होतो, आणि पहिल्या दोन ओळी मी गोळीच्या भरल्या होत्या.

बोलावं की नाही? व्यापारी खूश होता. शेठ चहा मागवत होता. मी एक शब्द बोललो असतो तर सगळं फिसकटलं असतं, असं मला वाटलं. खरं तर तेवढाच विचार नव्हता. इतक्या लोकांत तोंड उघडायचीही भीती होती. मी गप्प राहिलो. व्यापारी म्हणाला, “कल फोन पे पक्का करता हूं,” नमुना काखेत मारला, आणि त्याची पांढरी गाडी निघून गेली.

मास्टर आमच्याकडे आले. हसत नव्हते, पण चालणं वेगळंच होतं. मला तेव्हा सांगवेना, आणि न सांगता राहवेनाही.

“मास्टर, तो दाणा नाही. पक्ष्याचा म्हणजे... विमानाचा तो भाग नाही. गोळी आहे. मी चुकून भरली.”

ते थांबले. “गोळी म्हंजे ती जी सुटते ती?”

“हो.”

“तुला कधी कळलं?”

“आत. आत्ता. तो बघत होता तेव्हा.”

“आनि तू बोलला न्हाय.”

मी मान खाली घातली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पायात चपला सरकवल्या. “चल.”

“कुठे?”

“त्याला सांगायला. चूक हाय ती. चूक दाखवून माल द्यायचा. चूक लपवून न्हाय.”

इम्तियाज मध्ये पडला. “चाचा, त्याला आवडलंय ना! पागल झालात काय? डॉब्या जातील!”

“जातील तर जातील. चाळीस वरसं कोनाला खोटं विनून दिलं न्हाय. आता पोरांच्या हाताने देऊ?”

मास्टर आणि मी, दोघांनी रिक्षा केली. व्यापाऱ्याची गाडी ठाण्याच्या रस्त्याला लागली असणार, आणि त्या रस्त्यावर गाडी पळत नाही हे भिवंडीत सगळ्यांना माहीत आहे. काल्हेरच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती, एकामागे एक, इंजिनं बंद करून ड्रायव्हर खाली उतरलेले. आमची रिक्षाही अडकली. मास्टर उतरले आणि चालायलाच लागले. मी मागे. ट्रकांच्या मधून, चाकांना चाटून, पायजम्याला ग्रीस लागत होतं, ते प्रत्येक गाडीत डोकावत होते. एका ट्रकच्या क्लीनरने विचारलं, “चाचा, कोई खोया क्या?” मास्टर म्हणाले, “खोया नहीं, चूक मिली है.” तो बघतच राहिला.

पांढरी गाडी दोन कंटेनरच्या मध्ये उभी होती. मास्टरांनी काचेवर टकटक केलं. काच खाली झाली.

“मास्टर? क्या हुआ?”

“सेठ, डिझाइन में एक चूक है. ये लड़का बताएगा.” आणि माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “तुझी चूक, तू सांग. काढनार मी.”

मी सांगायला लागलो. माझं हिंदी अर्धं मराठीच असतं. मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता, त्यात माझं पहिलं वाक्य बुडालं. मग मी गेमपासून सुरुवात केली. विमान वरून कसं दिसतं, गोळी कुठून सुटते, खेळ कुठल्या क्षणी थांबवला, मास्टर कसे मोजत होते, मी कसा भरत होतो. हातांनी दाखवत होतो. व्यापारी मांडीवरच्या कापडाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता.

“मतलब ये चिड़िया नहीं है?”

“नहीं. हवाई जहाज. लड़ाई का.”

“और दाना?”

“गोली.”

त्याने कापड मांडीवर सपाट केलं. “मैं तो इसे छोटी बच्चियों के फ्रॉक में डालने वाला था,” असं म्हणाला. मास्टर पुढे वाकले. “दो खूंटी निकालनी है बस. गोली गायब. कल सुबह नया नमूना देता हूं. फिर भी लड़ाई का लगे तो मत लो. मैं डॉबी उतार दूंगा.”

त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की मला रडू येईल असं वाटलं. व्यापाऱ्याने अंगठ्याने एका विमानासमोरचा ठिपका झाकून बघितला. परत उघडला. परत झाकला. पुढच्या सीटवरच्या ड्रायव्हरला दाखवलं. “क्या दिखता है?”

“चिड़िया, सेठ,” ड्रायव्हर म्हणाला. “दाना चुग रही है.”

व्यापारी हसायला लागला. “दाना निकालोगे तो भूखी मर जाएगी बेचारी. रहने दो मास्टर. तुमने बता दिया, मैंने सुन लिया. पचास तागे लगाओ पहले.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तू क्या करता है?”

“कॉलेज,” मी म्हणालो.

“दिखता है,” तो म्हणाला. हे कौतुक होतं की चेष्टा, मला अजून कळलेलं नाही.

परत येताना मास्टर चालतच होते, रिक्षा कुठे राहिली ते आम्ही विसरलो होतो. बऱ्याच वेळाने मी विचारलं, “मास्टर, मग ती चूक तशीच राहणार?”

“आता ती चूक न्हाय,” ते म्हणाले. “त्याला सांगितलं, त्याने घेतलं. आता ती मागनी हाय.”

त्या आठ डॉब्या आजही चालू आहेत. पन्नास ताग्यांनंतर आणखी माल गेला, मग दुसरी नक्षी, मग तिसरी. मास्टर आता थकलेत, खुंट्या इम्तियाज ठोकतो आणि ते खुर्चीत बसून आवाज ऐकतात. मी त्यांच्याविषयी कुठे बोललो तर लोक विचारतात, ते तुमचे कोण? नातं सांगता येत नाही. मी सांगतो, मला मोजायला त्यांनी शिकवलं.

पण त्या दिवशीचं अजून थोडं राहिलं. आम्ही कारखान्याच्या दारात पोचलो तेव्हा शेठ बाहेरच उभा होता, लालबुंद. इम्तियाजने त्याला अर्धवट काहीतरी सांगून टाकलं होतं. शेठच्या मागे दहा-बारा कामगार, कांड्या भरणाऱ्या बायका, त्यांच्यात माझी आईसुद्धा.

“मास्टर, तुम्हाला वेड लागलंय काय? हातातलं गिऱ्हाईक रस्त्यात गाठून चूक सांगायला गेलात? काय म्हणाला तो? आणि ती कसली गोळी, कसला दाणा, मला कोणी नीट सांगेल का?”

मास्टरांनी चपला काढल्या, बाजूला झाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं.

“मला काय विचारता, शेठ? डिझाईन ह्याचं हाय.”

सगळे माझ्याकडे बघत होते. आईच्या हातात कांडी तशीच राहिली होती. मी श्वास घेतला.

“शेठ,” मी म्हणालो, “तो पक्षी नाही. विमान आहे.”